अजगराची खोली

आबांनी मागची खोली अजगरासाठी राखून ठेवली होती आणि मला ती बायकोसाठी हवी होती. आमची खरी ओळख झाली ती या ओढाताणीतून. तेव्हा अजगर यायचा होता आणि बायकोही यायची होती. खोली मात्र तयार होती, झाडून-सारवून.

ही गोष्ट सांगायचं काम माझ्या बायकोचं. घरात पाव्हणे आले की ती सांगायची आणि मी मान हलवायचो. कुठं चुकली तरी हलवायचो. ती गेल्या माघात गेली. आता पाव्हणे येतात, चहा पितात, भिंतीकडं बघतात आणि जातात. म्हणून म्हटलं, लिहून काढू. शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा जसं येईल तसं लिहितो.

पन्नास साल उलटून थोडी वर्षं झाली होती. पिंपरीच्या बाजूला कारखाने निघत होते आणि आमच्या नगर जिल्ह्यातली पोरं पोटासाठी इकडं येत होती. मी पण आलो, कारखान्यात पेट्या उचलायच्या कामावर लागलो. राहायला चिंचवडच्या गावठाणात आबांची ओसरी. ओसरीवर आम्ही चौघं वळकट्या टाकून झोपायचो. बाकीचे तिघं सडे. माझं लग्न झालेलं, पण सासऱ्यानं चार दिवसांत पोरगी माघारी नेली होती. म्हणाला, "वसरीवर पोरगी धाडत न्हाई मी. दार लागंल अशी खोली बघा, मग बोला." त्याचंही बरोबर होतं. मी दिवाळीला गेलो तेव्हा त्याला छाती ठोकून सांगितलं, की शिमग्यापर्यंत खोली करतो.

आणि दार लागेल अशी रिकामी खोली आख्ख्या आळीत एकच. आबांची मागची.

आबांचं नाव लिहीत नाही. त्यांच्याहून थोरली माणसं पण त्यांना आबाच म्हणायची. धंदा बारदानाचा. म्हणजे जुनी पोती गोळा करायची, झटकायची, ठिगळं लावायची आणि चाकणच्या बाजारात कांदेवाल्यांना विकायची. घराला लागून वखार होती, तिच्यात आढ्यापर्यंत पोती. लढाईच्या वेळी आबा पलटणीत खेचरं हाकायला म्हणून बर्मात गेले होते. तिकडून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक बूट. धोतराखाली ते पलटणीचे बूट घालायचे आणि सकाळी घालायच्या आधी उलटे करून ओट्यावर आपटायचे. सगळी आळी त्या आवाजावर उठायची. दुसरी गोष्ट म्हणजे अजगराचं वेड. बर्मात एका घराच्या लाकडी जमिनीखाली त्यांनी पाळलेला अजगर बघितला होता म्हणे. त्या घरात औषधाला उंदीर नव्हता.

वखारीत उंदरांचा सुळसुळाट होता, हे खरं. पण कोणी मांजराचं नाव काढलं की आबा उखडायचे.

"मांजर? त्ये दूध आपलं पितं अन् सलोखा उंदराशी करतं. मला तसलं दोन्हीकडचं जनावर नको."

त्यांची पोतं तपासायची एक रीत होती. पोत्यात खांद्यापर्यंत डोकं घालायचं आणि सूर्याकडं तोंड करून उभं राहायचं. भोक असलं की आत उजेडाचा ठिपका दिसतो. बाजारात शंभर माणसांत ते असे पोतं घालून उभे राहायचे. पुढं पुढं काही कोडं पडलं तरी ते हेच करायचे. गिऱ्हाईक जास्तच कटकट करायला लागलं, की हे पोत्यात. बाहेर यायचे ते उत्तर घेऊनच. लग्न केलं नव्हतं त्यांनी. आळीतले लोक सांगायचे, की एकदा मुलगी बघायला गेले, मुलीनं पाण्याचा तांब्या दिला, तर ह्यांनी पाणी पिऊन तांब्या उन्हात धरला आणि आत डोकावून बघितलं. झालं, त्या घरानं सुपारीसुद्धा दिली नाही. खरं-खोटं मी विचारलं नाही. पण ते तसं करतील असे होते.

खोली मागायला मी गेलो तेव्हा ते ओट्यावर ठिगळ लावत बसले होते.

"आबा, मागची खोली द्या मला. मंडळी आणायचीय."

"ती बोलली गेलीय."

"कुणाला?"

"अजगराला."

मी हसलो. ते हसले नाहीत. उठले आणि मला आत घेऊन गेले. बघतो तर अर्ध्या खोलीत जाळीचा पिंजरा. कारखान्यातल्या मशिनीच्या खोक्यांच्या फळ्या, त्यांवर बारीक तारेची जाळी, माणूस आत उभा राहील एवढा उंच. दाराला बाहेरून कडी आणि कडीत वर खिळा.

"खिळा कशाला?" मी विचारलं.

"अजगर म्हंजी नुसतं नाक अन् ताकद. फट घावली की नाक घालणार, नाक गेलं की समदा जाणार. पयलं दार बघायचं, मग जनावर."

पिंजऱ्यात एका कोपऱ्यात पालथं घातलेलं अर्धं पिंप होतं. त्याला म्हणे लपायला. "लपायला जागा न्हाई मिळाली तर जनावर खाणं सोडतं," आबा म्हणाले. मी म्हटलं, "आबा, मला पण लपायला जागा नाही, मी पण जेवण सोडू का?" तेव्हा जरा हसले आणि एक ठराव झाला. शिमग्यापर्यंत त्यांना पटेल असं जनावर मिळालं नाही तर खोली माझी. मिळालं तर त्याची. अट एवढीच, की दर रविवारी, मला सुट्टी असते तेव्हा, मी त्यांच्याबरोबर बघायला बसायचं.

"मी कशाला?"

"एकट्यानं बघितलं की माणूस भुलतं. पोरगी बघाया कुणी एकटं जातं का?"

आता लोक घरात साप बाळगत नाहीत, बाळगूही नये. कायदा आहे, आणि नसता तरी बाळगू नये. तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. आबांनी बाजारात शब्द टाकला आणि रविवार भरायला लागले. ओट्यावर घोंगडी, तिच्यावर आबा, शेजारी मी. समोरच्या आळीतल्या बायका लांब उभ्या, पदर तोंडावर. सगळा थाट स्थळ बघायचा. फरक एवढाच, की मी मुलीकडचा नव्हतो आणि मुलाकडचाही नव्हतो. मी खोलीकडचा होतो. येईल त्या सापात मी खोट काढायचो.

पहिला गारुडी आला, नाग घेऊन. फणा काढून डोलायला लागला तशा बायकांनी हात जोडले. आबांनी बारीक काडीनं त्याचा जबडा उघडायला लावला आणि आत बघितलं. दात उपटलेले, हिरड्या सडलेल्या.

"ह्यो जगत न्हाई," आबा म्हणाले. "अन् जगता तरी नको. देव हाय त्यो. देवाच्या दाराला भाईरून कडी कोण लावणार?"

मी लगेच मान हलवली.

"तू नगं हलवू," आबा म्हणाले. "तू खोलीकडं बघून हलवतोयस."

दुसऱ्या रविवारी तोच गारुडी परत आला. म्हणाला, "आबा, आता अजगराचं पिल्लूच आणलंय. हातानं वाढवा पोरागत." टोपलीत जाड, आखूड, पिवळट तपकिरी जनावर वेटोळं घालून गप बसलेलं. मी खचलो. गरीब दिसत होतं, म्हणजे आबांना पटणार. काहीतरी खोट काढावी म्हणून मी टोपलीवर वाकलो. तशी आबांनी माझ्या दंडाला धरून असा हिसका दिला की मी पायरीवर बसलो. आणि टोपलीतून आवाज निघाला, लोहाराच्या भात्यासारखा. थांबतच नव्हता.

"घोणस हाय ती, गाढवा."

गारुड्याचं तोंड पिठासारखं पांढरं झालं. त्यालाही कोणीतरी अजगर म्हणूनच दिली होती. आबांनी आधी त्याला लांब उभं केलं, मग काठीनं टोपलीचं झाकण ओढून वर पोतं बांधलं, आणि मग मला सांगितलं, "डाग बघितलेस का? घोणशीचे डाग साखळीवानी, एका वळीत, एकासारखा एक. अजगराचे वेडेवाकडे. जुन्या पोत्याला धा जणांनी ठिगळं लावल्यागत." मग त्या गारुड्याला त्यांनी बसवून चहा पाजला. त्याची नजर टोपलीवरच, बशीतला निम्मा चहा ओट्यावर सांडला. मी पण प्यालो. माझा पण सांडला.

तिसरी धामण. चऱ्होलीच्या एका शेतकऱ्यानं पोत्यात घालून आणली. लांब, चपळ, डोळे मोठे. आबा बघतच राहिले. लांबीचं मापही त्यांचं पोत्याचंच असायचं. म्हणाले, "दोन पोती भरंल. अन् उंदरावर हिच्यासारखी कुणी न्हाई."

माझा जीव टांगणीला. मी म्हटलं, "आबा, धामण रात्रीची म्हशीचं दूध पिती म्हणतात."

"कोण म्हणतं? म्हैस म्हणती का?"

धामण पिंजऱ्यात गेली. मी त्या दिवशी जेवलो नाही. पण ती काही पिंजऱ्यात ठरेना. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळायची, जाळीवर तोंड आपटायची. दोन दिवसांत तिचं नाक सोललं. आबा जाळीपुढं उकिडवे बसून ते नाक बघत होते. मग त्यांनी तिला पोत्यात घेतली आणि पवनेच्या काठाला वेळूत सोडून आले. आले ते बूट काढत म्हणाले, "धावणारं जनावर हाय. माझ्या मनात भरली, पर तिला मी पटलो न्हाई. आपल्याला काय आवडतं ह्ये बघून चालत न्हाई, गड्या. आपण त्याला सोसवतो का, त्ये बघायचं."

मला बरं वाटलं. शिमगा जवळ येत होता. मी मनात खोलीत चूल मांडली, खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली.

आणि पौष संपता संपता एका रविवारी लोणावळ्याच्या गाडीनं तिकडच्या डोंगरातला एक ठाकर उतरला. काळा, किडकिडीत, बोलायला कमी. डोक्यावर झाकलेली मोठी पाटी. आबांनी विचारलं, "गाडीत कुणी इचारलं न्हाई, पाटीत काय हाय म्हणून?"

"इचारलं. फणस हाय म्हनलो."

"पौषात फणस?"

"त्यान्ला बी तसंच वाटलं. पन उघडून कुनी बघितलं न्हाई."

पाटीत अजगर होता. त्याच्याकडं बघून मी ओळखलं की खोली गेली. आबांनी घाई केली नाही. आधी डोळे बघितले, स्वच्छ आहेत का. तोंडाच्या आत बघितलं. खवल्यांत गोचीड आहे का ते बोटानं चाचपलं. मग त्याला घोंगडीवर सोडला आणि नुसते बसून राहिले. अजगर हळूहळू सरकत, जीभ लपलप करत आबांच्या मांडीवर आला, बुटावर आला, आणि तिथंच उन्हाला थांबला. तीन पोती भरला आणि वर एक वीत.

"खातो का?" आबांनी विचारलं.

"खातो. थंडीत कमी."

"चावतो का?"

"चावतो की," ठाकर म्हणाला. "साप हाय."

आबा माझ्याकडं वळले. "आतापावतर जो आला त्यो म्हणला, माझा साप चावत न्हाई. ह्यो एकटा माणूस खरं बोलला."

मी शेवटचा जोर लावला. "आबा, लय मोठा हाय. अन् अजून वाढंल."

"वाढंल की. म्हणून तर जाळी मोठी केली. लोकं बारकं बघून घेत्यात अन् मग वाढलं म्हणून बोंबलत्यात. आज केवढं हाय ह्ये बघायचं नसतं. केवढं होणार ह्ये बघायचं."

ठाकराला बदल्यात पोती पाहिजे होती. चांगली निवडून, एकेकात डोकं घालून बघून, आबांनी त्याला गठ्ठा बांधून दिला. अजगर खोलीत गेला. मी ओसरीवर राहिलो.

त्यानंतर आबांचं काय ते कौतुक. थंडी होती म्हणून चुलीवर विटा तापवायच्या, पोत्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या कडेला ठेवायच्या. उंदीर खाल्ला की खोलीत कोणी जायचं नाही. "जेवल्यावर तुला कुणी उचलून हिंदळलं तर चालंल का?" असं आम्हा चौघांनाही बजावलेलं. आणि अजगराला बुडून बसायला एक मोठा टोप होता, त्यात पाणी भरायचं काम आलं माझ्याकडं. का, तर मी सगळ्यात आधी उठायचो. रोज कारखान्यात जायच्या आधी आडावरून दोन हंडे आणायचे, कालचं पाणी काढायचं, टोप घासायचा, नवं पाणी भरायचं. म्हणजे बघा, ज्या खोलीत माझी बायको यायची, तिथं मी सापाला पाणी घालत होतो. शिव्या देत घालायचो. पण टोप घासायचो नीट. घाण पाण्यात बसलेलं जनावर बघवत नाही, मग ते कुठलं का असेना.

शिमगा झाला. एका दुपारी मी पाळी संपवून आलो तर आळीच्या तोंडाला ट्रक उभा. ओसरीवर पत्र्याची पेटी, पेटीवर माझी बायको बसलेली, शेजारी तिचा भाऊ. आमच्याकडचा कांदा चाकणला आला होता. कांदा उतरवून त्याच ट्रकनं मेव्हणा तिला घेऊन आला होता.

"बा म्हणला, शिमग्याला खोली व्हणार व्हती ना दाजींची? मग सोडून ये," मेव्हणा म्हणाला. "खोली कुठाय?"

मी वहाणा काढायला वाकलो. ओसरीवरचे तिघं वळकट्या गोळा करायला लागले.

"नसंल तर सांगा. ट्रक हाये उभा. हिला परत नेतो." तसा तो वाईट माणूस नव्हता, पण चारचौघांत बोलला ते लागलं. बायकोनं मान वर केली नाही. पेटीला कुलूप तसंच होतं.

आबा वखारीतून बाहेर आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, "खोली हाय की. चला दाखवतो. पर आत एक जण ऱ्हातोय."

सगळ्यांच्या पुढं तीच आत गेली. मी दाराबाहेर कान दाबून उभा, आता किंचाळी येणार म्हणून. आली नाही. आत डोकावलो तर ती जाळीपुढं उभी होती, डोईवरचा पदर दातात धरून. मेव्हणा मात्र उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून. अजगर टोपात बसला होता, नुसतं तोंड वर.

ती बराच वेळ बघत राहिली. मग आबांना म्हणाली, "खातो काय हा?"

"उंदीर."

"कुठले?"

"वखारीतले. मी सापळ्यात धरतो अन् आणून देतो ह्याला."

"म्हंजी उंदीर तुम्ही धरता."

"व्हय."

"मग हा काय करतो?"

आबांनी अजगराकडं बघितलं.  दोन महिने आबा धरून आम्ही पाच बाप्ये त्या पिंजऱ्याभोवती फिरत होतो, विटा तापवत होतो, पाणी भरत होतो. हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ती पुढं म्हणाली, "ह्याला हितं कोंडलाय अन् उंदरं तिकडं मोकळी. ह्याला तिकडं सोडा की."

आबा वळले, वखारीपुढं गेले, एक पोतं उचललं आणि त्यात डोकं घालून सूर्याकडं तोंड करून उभे राहिले. बूट, धोतर आणि वर पोतं.

मेव्हणा माझ्या कानाशी आला. "दाजी, म्हातारं बरं हाय ना?"

"पोतं बघतंय."

"आत्ता?"

तेवढ्यात बायकोनं मला विचारलं. लग्नानंतर एवढ्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य. "टोपात पाणी कोण भरतं?"

"मी."

तिनं वळून परत एकदा टोपाकडं बघितलं.

आबा पोत्यातून बाहेर आले. केसांत सुतळीचे तंतू. "भोक हाय," म्हणाले. "पोरीचं बराबर हाय. ह्यो वखारीत जाईल. खोली तुमची." मग पिंजरा बाहेर काढायला गेलो तर तो दारातून निघेना. आबांनी तो खोलीतच बांधला होता, आणि दारापेक्षा मोठा. खोलीतच बांधायचा तर दाराचं माप कोण घेतो. आबा म्हणाले, मोडतो. बायको म्हणाली, "मोडू नका. जाळी बारीक हाये. भांडी ठेवीन, पीठ ठेवीन. उंदीर तरी लागायचा न्हाई."

ट्रकवाला भोंग्यावर भोंगे देत होता. मेव्हण्यानं विचारलं, "काय मग? ऱ्हातीस का येतीस?"

ती ओसरीवर गेली. कमरेची किल्ली काढली. पेटी उघडली आणि आतलं पातेलं काढून माझ्या हातात दिलं. "घासायचं कुठं?" म्हणाली.

वखारीच्या भिंतींची बिळं बुजवून, दाराला वीतभर उंबरा घालून आम्ही अजगराला तिकडं सोडला. उंदीर सगळे गेले का? खरं सांगायचं तर नाही गेले. अजगर महिन्यातून एकदा जेवणार, उंदीर रोज जेवणार. पण कमी झाले. आणि चाकणचे व्यापारी वखारीत आले की भावावरून चिकचिक करत रेंगाळेनात. पायाशी बघत बघत पोती घ्यायचे आणि निघायचे. आबा खूश. दुपारी पोत्यांच्या थप्पीवर ते झोपायचे आणि खालच्या थप्पीवर तो. आळीतल्या बायका नागपंचमीला दूध-लाह्या घेऊन आल्या तर आबा दारात आडवे. "दूध पोरांना पाजा. ह्यो पीत न्हाई, अन् नाग बी न्हाई. हळद-कुंकू माझ्या बुटाला लावा पायजे तर." एका म्हातारीनं खरंच लावलं. त्यांनी ते पुसलं नाही.

पिंजरा आमच्या खोलीत राहिला. त्यात भांडी आली, पिठाचा डबा आला, आणि वर्षानं थोरला झाला तेव्हा दुपारी त्याला आत निजवून ती पाण्याला जायची. कडी आणि वर खिळा. डास नाही, मांजर नाही. थोरला आता साठीच्या पुढं गेला. नातवंडं त्याला चिडवतात, आजीनं तुला अजगराच्या पिंजऱ्यात वाढवला. तो रागवत नाही.

थोरला झाल्यावरच्या हिवाळ्यात अजगर भिंतीला नाक लावून फिरायला लागला. रोज. एके दिवशी आबांनी त्याचं तोंड हातात धरून उजेडात बघितलं. नाक सोललं होतं. तसंच, धामणीसारखं. आबांनी त्याला हळू खाली ठेवला. मला म्हणाले, "येत्या सुट्टीला लोणावळ्याला जायचं. मंडळीला पण घे." त्यांनी एक जाड पोतं निवडलं, डोकं घालून सूर्याकडं बघितलं. मग ते पोतं माझ्या बायकोच्या हातात दिलं. तिनं पण बघितलं. तोवर त्यांनी पोत्याच्या बाबतीत दुसऱ्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवलेला मी बघितला नव्हता.

ठाकराच्या डोंगरापर्यंत चालत गेलो. बायकोच्या काखेत पोर, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. अजगर पोत्यातून निघाला, दगडाच्या कडेनं गेला, शेपूट दिसेनाशी झाली. आबांनी पोतं झटकलं, घडी केली, काखेत मारलं. "चला," म्हणाले, "गाडी चुकंल." मला वाटलं होतं रडतील. भूक लागली म्हणून फलाटावर दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी, ठेच्याबरोबर.

गाडीत बायको पोराला घेऊन झोपली. आबा तिच्याकडं बघून हळू आवाजात मला म्हणाले, "तुला वाटत असंल, तू हिला पसंत करून आणलीस. तसं न्हाई. त्या दिवशी हिनं खोली बघितली, अजगर बघितला, मला बघितलं, तुला बघितलं. अन् पेटी उघडली. बघायला ती आली व्हती, गड्या. आपण घोंगडीवर व्हतो."

आबा जाऊन आता किती वर्षं झाली. घर गेलं, वखार गेली, तिथं मोठी इमारत झाली. पण त्यांचं ते बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. तिला विचारायचं विचारायचं म्हणून माझं आयुष्य निघून गेलं. शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा एका सकाळी पाणी पाजता पाजता विचारलं.

"त्या दिवशी पेटी का उघडलीस गं? परत का नाही गेलीस?"

"दमले व्हते," ती म्हणाली. "रातभर कांद्याच्या गोण्यांवर बसून आलेली. परत त्या ट्रकात कोण बसतंय?"

मी हसलो. ती पण हसली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, तेव्हा तेच खरं असेल म्हणून मी पेला खाली ठेवला.

मग थोड्या वेळानं, डोळे मिटूनच म्हणाली, "अन् टोप घासलेला व्हता."